बांधून ठेवण्यापेक्षा दहा मिनिटे खेळा

आपल्या वस्तीत एखाद्या घरी कुत्रा नसेल, पण कुत्रा नाही अशी गल्ली सापडणार नाही. साताऱ्याला जा, कराडला जा, सांगली-मिरजेला जा, कुठे मोत्या आहे, कुठे वाघ्या आहे, कुठे टायगर आहे. कुणी शेळ्या-कोंबड्यांच्या राखणीसाठी पाळलेला असतो, कुणी पोरांनी कडेवर घालून आणलेला असतो, तर कुणी कुणाचाच नसतो आणि तरी सगळ्या गल्लीचा असतो. त्याला उरलेली भाकरी मिळते, रस्सा मिळतो, सणावाराला हाडकेही मिळतात. जे त्याला मिळत नाही त्याला पैसे पडत नाहीत. ते म्हणजे रोजचा थोडा खेळ.

आरोग्याच्या पानावर कुत्र्याच्या खेळाचे काय काम, असे काही वाचक म्हणतील. आमचे म्हणणे असे की काम आहे आणि ते तातडीचे आहे. कुत्रा चावण्याचे प्रकार आपण ऐकतो तेव्हा डोळ्यांसमोर रस्त्यावरचे पिसाळलेले कुत्रे येते. प्रत्यक्षात पुष्कळ चावे ओळखीच्या कुत्र्याचे असतात. घरचे, शेजारचे किंवा गल्लीतले कुत्रे चावते आणि बहुतेक वेळा ते मुलाला चावते. मूल त्याच्या ताटलीत हात घालते, झोपलेले असताना शेपटी ओढते, पिलाला उचलते. कुत्रा दिवसभर साखळीला असतो, त्याच्या अंगातली रग जिरलेली नसते, माणसाशी कसे वागावे हे त्याला कुणी शिवकलेले नसते आणि कुत्र्याशी कसे वागावे हे मुलाला कुणी सांगितलेले नसते. खेळातून ही दोन्ही शिकवणी एकदम होतात. म्हणून हा विषय आम्ही आरोग्याचा मानतो.

आधी एक मनातली गोष्ट

काही वडीलधारी माणसे कुत्र्याचे लाड पाहून नाराज होतात. त्यांचे बरोबर नाही असे आम्ही पटकन म्हणणार नाही. ज्या तळ्यावर कुत्री-मांजरे पाणी पीत, त्या तळ्यावर आपल्या पूर्वजांना पाण्याला हात लावता येत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते त्याचसाठी. 'हाड हाड' हा शब्द ज्यांनी माणूस असून ऐकला, त्यांना कुत्र्याचे कौतुक खुपले तर नवल नाही. पण तो अपमान माणसांनी केला होता. मुक्या जनावराचा त्यात काही दोष नव्हता.

आणि बाबासाहेबांच्या घरातही कुत्रा होता. राजगृहातला फेब्रुवारी १९३४ चा कुटुंबाचा फोटो आपल्यापैकी अनेकांच्या घरी, विहारात, पुस्तकांत आहे. त्यात यशवंतराव आहेत, बाबासाहेब आहेत, रमाई आहेत, वहिनी लक्ष्मीबाई आहेत, पुतणे मुकुंदराव आहेत आणि त्यांच्यासोबत बाबासाहेबांचा आवडता कुत्रा टॉबीसुद्धा आहे. कुटुंबाच्या फोटोत त्याला जागा मिळाली. तेव्हा कुत्र्याला जीव लावणे हे बंगलेवाल्यांचे थेर आहे असे कुणी म्हटले, तर हा फोटो दाखवावा.

कुत्रा बिघडतो कशाने?

कुत्र्याचा जन्म एका जागी बसून राहण्यासाठी झालेला नाही. त्याला हुंगायचे असते, पळायचे असते, चावायचे असते, शोधायचे असते. यातले काहीच करायला मिळाले नाही की तो स्वतःच काम काढतो. चपला फाडतो, वाळत घातलेले कपडे ओढतो, अंगण उकरतो, रात्रभर भुंकतो, जाणाऱ्या-येणाऱ्या मोटारसायकलीच्या मागे लागतो. आपण म्हणतो कुत्रे वांड झाले आणि साखळी आणखी आखूड करतो. आखूड साखळीने तो आणखी चिडतो, कारण भीती वाटली तर त्याला पळून जाता येत नाही. पळता येत नाही म्हणून तो दात दाखवतो. बांधलेल्या कुत्र्याजवळ लहान मूल जाऊ देऊ नये ते याच कारणाने.

आपल्याकडे काही 'खेळ' चालतात, त्यांना आम्ही खेळ म्हणत नाही. शेपटीला डबा किंवा फटाका बांधणे. दगड मारून पळवणे. 'छू' म्हणून दुसऱ्या पोराच्या अंगावर सोडणे. दोन कुत्री झुंजवणे. भाकरी दाखवून काढून घेणे. पिलाला हाताची बोटे चावायला देणे. यातून कुत्रा एवढेच शिकतो की माणसाचा हात म्हणजे मार, नाहीतर चावायची वस्तू. तोच कुत्रा सहा महिन्यांनी कुणाला तरी चावतो आणि मग त्याच्या मागे काठ्या घेऊन धावणारेही आपणच असतो. प्राण्यांना असे छळणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हेही मुलांच्या कानावर घालावे.

बिनखर्चाचे खेळ

आता खऱ्या खेळांकडे येऊ. यातल्या एकालाही दुकानातली वस्तू लागत नाही. सकाळी दहा मिनिटे आणि संध्याकाळी दहा मिनिटे पुरतात.

भाकरी-शोध. कुत्र्याचे नाक हेच त्याचे मुख्य ज्ञानेंद्रिय आहे. भाकरीचा एक चतकोर घ्या, त्याचे नखाएवढे तुकडे करा. पहिल्या दिवशी त्याच्या डोळ्यांदेखत एक तुकडा पोत्याखाली ठेवा आणि 'शोध' म्हणा. दुसऱ्या दिवशी दोन जागी, नंतर चार जागी, मग तो बाहेर असताना लपवा. तीन वाट्या पालथ्या घालून एकीखाली तुकडा ठेवला तरी खेळ होतो. एका खोलीच्या घरातही हा खेळ होतो, पावसाळ्यातही होतो आणि म्हाताऱ्या कुत्र्यालाही जमतो. हुंगण्यात त्याचे डोके कामाला लागते, म्हणून नुसत्या पळापळीइतकाच तो दमून शांत होतो. तुकडे त्याच्या रोजच्या खाण्यातलेच धरा, वेगळे नकोत.

लपाछपी. घरातल्या एकाने कुत्र्याला धरावे, दुसऱ्याने दाराआड लपून त्याच्या नावाने हाक मारावी. शोधत आला की पाठ थोपटावी, तुकडा द्यावा. हा खेळ दिसायला पोरकट, पण कामाचा फार. हाक मारली की कुत्रा येतो ही सवय यातून लागते. कृष्णाकाठच्या आपल्या वस्त्यांनी २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिले आहेत. पाणी चढू लागले की कुत्र्याच्या मागे धावायला कुणाला वेळ नसतो. हाकेला येणारा आणि गळ्यात दोरी घालू देणारा कुत्रा अशा वेळी घराबरोबर बाहेर पडू शकतो. फक्त एक पथ्य पाळा. हाक मारून जवळ बोलावले आणि मारले, असे कधीही करू नका. एकदा तसे झाले की ती हाक वाया गेली.

चेंडू आण, चेंडू सोड. चिंध्या घट्ट बांधून केलेला चेंडू चालतो, जुना क्रिकेटचा रबरी चेंडूही चालतो. चेंडू त्याच्या तोंडात मावेल पण घशात जाणार नाही एवढा मोठा असावा. गोट्या, बाटलीची बुचे, लहान उसळते चेंडू नकोत, ते गिळले जातात. चेंडू टाका. घेऊन आला की तोंडातून ओढून काढू नका. हातात दुसरा चेंडू ठेवा, तो दाखवा, पहिला तो आपणच टाकील, त्याच वेळी 'सोड' म्हणा. काही दिवसांत 'सोड' म्हटले की तोंडातली वस्तू सोडायला तो शिकतो. उद्या त्याने उंदराच्या औषधाची पुडी किंवा मुलाची चप्पल तोंडात धरली तर हाच शब्द उपयोगी पडेल. काठी किंवा फोक मात्र फेकू नये. तिचे टोक तोंडात, घशात घुसून जखम होते. दगड तर नकोच, दात तुटतात आणि दगड गिळल्याने जीवही जातो.

ओढाओढ. जुन्या लुगड्याची किंवा टॉवेलची वेणी घालून दोरी करा. एक टोक त्याच्या तोंडात, एक तुमच्या हातात. ओढाओढीने कुत्रा मारका होतो असा समज आहे. नियम पाळून खेळले तर तसे होत नाही. नियम तीनच. खेळ तुम्ही सुरू करायचा. मध्ये मध्ये 'सोड' म्हणून थांबायचे. त्याचा दात हाताला लागला की खेळ तिथेच बंद, रागावणे नाही, मारणे नाही, नुसते उठून जायचे. हा खेळ मोठ्यांचा आहे, लहान मुलांच्या हाती ही दोरी देऊ नये. दात बदलत असलेल्या पिलाबरोबर जोराने ओढू नये.

चिंधी पळव. आपल्या भागात, विशेषतः जत-आटपाडी आणि माण-खटाव या बाजूला, लांब पायांचा, बारीक कमरेचा, खोल छातीचा कारवान कुत्रा दिसतो. सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या नावाने तो मुधोळ हाउंड म्हणून ओळखला जातो. २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी जातींच्या कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यात मुधोळ हाउंड होता. हा कुत्रा नाकापेक्षा नजरेने शिकार करणारा आहे, हलती वस्तू दिसली की तो सुटतो. त्याला अंगणात बांधून ठेवणे म्हणजे पळणाऱ्या घोड्याला खुंट्याला जखडणे. अशा कुत्र्यासाठी लांब दोरीला चिंधी बांधा आणि मोकळ्या माळावर वेडीवाकडी ओढत पळा. शेवटी चिंधी त्याला पकडू द्या, नाहीतर तो खट्टू होतो. हा खेळ रस्त्यालगत कधीही खेळू नये.

बस आणि थांब. जेवणाची ताटली हातात घ्या. तो खाली बसला की 'बस' म्हणा आणि ताटली ठेवा. पुढे 'थांब' म्हणून मनात तीन अंक मोजा, मग 'खा' म्हणा. हळूहळू अंक वाढवा. कुत्र्याला सबुरी येते आणि तो ताटलीवर झडप घालत नाही. तो खायला लागला की मात्र ताटलीत हात घालायचा नाही. 'बघा, आमचा कुत्रा काही करत नाही' हे दाखवायला पुष्कळजण असा हात घालतात. त्याची गरज नाही.

मुलांचा खेळ: झाड आणि मुटकुळे

'स्टॅच्यू' हा खेळ आपल्या सगळ्या मुलांना येतो. त्यालाच थोडे वळण देऊ. मोठ्या माणसाने 'कुत्रा आला' म्हणायचे. मुलांनी लगेच झाड व्हायचे. पाय जमिनीत रुतल्यासारखे, हात छातीशी किंवा पोटाशी घडी घातलेले, नजर आपल्या पायांकडे, आवाज बंद. 'पडलो' म्हटले की मुटकुळे करायचे. गुडघे पोटाशी, डोके खाली, हातांच्या मुठी मानेमागे, कान झाकलेले. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर हेच करायचे असते. पळणाऱ्याच्या मागे कुत्रा धावतो, ओरडणाऱ्यावर चवताळतो. गप्प उभ्या झाडाला हुंगून तो बहुधा निघून जातो. हा खेळ खऱ्या कुत्र्याशिवाय खेळायचा आहे. दहा वेळा खेळलेले मूल ऐन वेळी गडबडत नाही.

मुलांना कुत्र्याची भाषाही शिकवावी. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर केला, तर तो म्हणतो आहे, 'चल, खेळू'. अंग ताठ झाले, मानेवरचे केस उभे राहिले, ओठ वर गेला, गुरगुर आली, तर तो म्हणतो आहे, 'लांब हो'. शेपटी पायांत घातली, कान मागे पाडले, तोंड फिरवून पुन्हा पुन्हा ओठ चाटले, तर तो घाबरला आहे, आणि घाबरलेला कुत्राही चावतो. शेपटी हलते म्हणजे तो खूशच आहे असे नाही. गुरगुरला म्हणून कुत्र्याला मारू नये. गुरगुरणे ही त्याची सूचना आहे. ती मारून बंद केली तर तो पुढच्या वेळी सूचना न देता चावेल.

कुत्रा कितीही गरीब असो, पाच-सहा वर्षांपर्यंतचे मूल आणि कुत्रा दोघांनाच ठेवून मोठ्यांनी कामाला जाऊ नये. खाणाऱ्या, झोपलेल्या, आजारी आणि पिलांवर बसलेल्या कुत्रीच्या जवळ कुणीच जाऊ नये. दोन महिन्यांच्या आतले पिलू आईपासून तोडू नये. भावंडांशी झोंबताना किती जोरात चावल्यावर दुसऱ्याला दुखते, हे पिलू तिथेच शिकते. डोळे उघडले की उचलून आणलेल्या पिलाचे हे शिक्षण अर्धवट राहते.

खेळताना सांभाळायचे

उन्हाळ्यात खेळ उजाडताना किंवा दिवस मावळल्यावर. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकूनच थंड होतो. डांबरी रस्त्यावर पाच सेकंद तळहात ठेवून बघा. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही. धाप थांबत नसेल, लाळ गळत असेल, तोल जात असेल तर लगेच सावलीत आणा, अंगावर साधे पाणी घाला, थोडे थोडे पाणी पाजा आणि दवाखाना गाठा. पोटभर खाल्ल्यावर तासभर तरी पळवू नये. खोल छातीच्या कुत्र्यांचे पोट फुगून पिळा पडण्याची भीती असते.

बक्षीस म्हणून काय देता हेही पाहा. तासगावकडच्या आपल्या लोकांच्या घरी द्राक्षे आणि बेदाणे सहज असतात. ते कुत्र्याला अजिबात देऊ नका, त्याने त्याची किडनी बंद पडू शकते. चॉकलेट, कांदा, लसूणही नको. शिजवलेल्या कोंबडीची हाडे चुरून टोकदार होतात आणि घशात, आतड्यात रुततात. बिनमिठाची भाकरी, उकडलेल्या अंड्याचा तुकडा, गाजराचा काप हे चांगले.

कराड-शिराळ्याकडे वस्ती उसाला लागून असेल तर अंधार पडल्यावर फडाच्या कडेला खेळ नको. बिबट्याला कुत्रा ही सोपी शिकार असते आणि कुत्र्यामागे मूलही तिथे जाते. अशा ठिकाणी रात्री कुत्र्याला उघड्यावर बांधू नका, आत घ्या.

खेळून झाले की साबणाने हात धुवायचे, मग जेवायचे. कुत्र्याला तोंड चाटू देऊ नये, अंगावरच्या जखमेला तर मुळीच चाटू देऊ नये. पिलांना आणि मोठ्या कुत्र्यांनाही जंताचे औषध वेळच्या वेळी द्यावे. खेळता खेळता कान, मान, बोटांच्या बेचकीत गोचीड आहे का ते चाचपावे. जो कुत्रा खेळात अंगाला हात लावू देतो, तोच दवाखान्यात डॉक्टरला लावू देतो.

सुईशिवाय खेळ नाही

आमचे सगळ्यात आग्रहाचे सांगणे हे आहे. कुत्र्याला रेबीजची लस टोचलेली नसेल तर वरचे सगळे खेळ अर्धवट आहेत. पिलू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस, मग डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे पुढची आणि नंतर दरवर्षी. तालुक्याच्या गावी सरकारी जनावरांचा दवाखाना असतो, तिथे चौकशी करावी. गल्लीतल्या कुत्र्यांनाही लस मिळावी आणि त्यांची नसबंदी व्हावी, म्हणून वस्तीने मिळून नगरपालिकेकडे किंवा महापालिकेकडे लेखी अर्ज द्यावा. अर्जाची पोच घ्यावी. कागदावर मागितलेले हक्क कसे मिळवायचे, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको.

रेबीजची लक्षणे माणसात एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल. पण लक्षणांच्या आधी लस वेळेवर आणि पूर्ण घेतली तर हा आजार टाळता येतो. लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचायला सुरुवात केली, त्याला आता एकशे चाळीस वर्षे झाली. तरीही माणसे या आजाराने मरतात, आणि आशिया-आफ्रिकेत त्यांतली सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुले असतात. माणसाला होणारा ९९ टक्क्यांपर्यंत रेबीज कुत्र्यापासून येतो.

म्हणून खेळताना दात लागला, नख लागून रक्त आले, तर कुत्रा घरचा की बाहेरचा हे बघत बसू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा. सांगलीची हळद जेवणात घाला, चाव्यावर घालू नका. चटणी, चुना, मिश्री, तेल यातले काहीही लावू नका, जखम घट्ट बांधू नका. लगेच सरकारी दवाखान्यात जा, तिथे ही लस मोफत असते. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात ही जुनी भीती आता सोडून द्या. आता दंडात टोचतात. पहिला दिवस शून्य धरून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, किंवा डॉक्टर देतील त्या तारखांना, जायचे. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत सीरमही घ्यावे लागते, ते विचारून घ्या. गरोदर बाईनेही लस घ्यायची असते. 'दहा दिवस कुत्रा बघू, मग ठरवू' असे करू नका. लस सुरू करा आणि कुत्र्यावरही लक्ष ठेवा. बुडालेली मजुरी पुन्हा कमावता येते, म्हणून तिसरी-चौथी सुई चुकवू नका. आणि मुलांना घरात एवढा विश्वास द्या की कुत्रा चावल्याचे ती लपवणार नाहीत. मार पडेल या भीतीने मुले चावा लपवतात, आणि त्यात जीव जातो.

सगळ्यांना एकच शिक्षा नको

एखाद्या मुलाला कुत्रा चावला की वस्तीत संताप उसळतो आणि तो साहजिक आहे. पण मग गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांना विष घालण्याची भाषा होते. जातकांमध्ये कुक्कुर जातक आहे. राजाच्या रथाचे चामड्याचे पट्टे पावसात भिजले आणि राजवाड्यातल्याच कुत्र्यांनी ते रात्री खाल्ले. राजाने वाड्यातली कुत्री सोडून नगरातली सगळी कुत्री मारायचा हुकूम केला. त्या जन्मी बोधिसत्त्व कुत्र्यांचे पुढारी होते. त्यांनी राजापुढे जाऊन न्याय मागितला आणि वाड्यातल्या कुत्र्यांना ताक आणि गवत द्यायला लावले. कुत्र्यांच्या पोटातून चामडे बाहेर पडले आणि खरे काय ते दिसले. मोठ्या घरच्यांच्या चुकीची शिक्षा वस्तीतल्यांना, हा न्याय आपल्याला नवा नाही. तो आपण मुक्या जनावरावर तरी करू नये. शिवाय विषाने प्रश्नही सुटत नाही. लस टोचलेली, ओळखीची कुत्री मेली की त्यांच्या जागी बिनलसीची, अनोळखी कुत्री येतात. विषाचा तुकडा उचलून तोंडात घालणारे एखादे रांगते मूलही असू शकते.

आमची सूचना साधी आहे. सातारच्या शाळेत बाबासाहेबांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झाले, तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. त्या दिवशी विहारात भाषणे झाल्यावर अर्धा तास मुलांसाठी ठेवा. त्यांच्याकडून 'झाड' आणि 'मुटकुळे' करून घ्या. चावा धुण्याची पंधरा मिनिटे एखाद्याच्या हातावर साबण लावून घड्याळासमोर दाखवा, म्हणजे पंधरा मिनिटे किती असतात ते कळेल. वस्तीतल्या पाळलेल्या कुत्र्यांची यादी करा. नाव, वय, लस टोचल्याची तारीख लिहा. यादी विहाराच्या फळ्यावर लावा. ज्याच्या नावापुढे तारीख नाही, त्याला पुढच्या आठवड्यात दवाखान्यात न्या.

आणि हे वाचून झाल्यावर आज संध्याकाळी साखळी सोडा. दाराला कडी लावून घ्या, भाकरीचे चार तुकडे लपवा आणि म्हणा, 'शोध'.